वहीतलं १२०/८०

घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी बाई किंवा ब्रदर ठेवायचा असला की फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "विश्वासू आहेत ना?" मी विचारते, कशाच्या बाबतीत? समोरचा जरा अडखळतो. त्याच्या मनात कपाट असतं. त्यात चूक काही नाही, अनोळखी माणूस रात्रंदिवस घरात वावरणार म्हटल्यावर कुणालाही धाकधूक वाटेल. पण ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय त्यांच्या टाचा, त्यांचं गिळणं, त्यांच्या गोळ्या, त्यांना पलंगावरून खुर्चीत कोण आणि कसं घेणार, यांबद्दल विचारणारे फार थोडे. कपाटाला निदान कुलूप तरी लावता येतं.

मी आधी हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होते. आता घरोघरी जाऊन तिथल्या शुश्रूषेची तपासणी करते. दोन्हींतला मोठा फरक यंत्रसामग्रीचा नाही, डोळ्यांचा आहे. वॉर्डात शेजारच्या पलंगावरचा नातेवाईकसुद्धा बघत असतो. राऊंड असतो, ड्यूटी बदलताना ओव्हर द्यावा लागतो, म्हणजे रुग्णाचं काय झालं आणि काय राहिलं ते पुढच्या सिस्टरला सांगावं लागतं, पुढची सिस्टर "ही पट्टी कधी बदलली?" म्हणून खडसावते. घरात दार बंद झालं की आत दोनच माणसं. त्यातल्या एकाला बऱ्याचदा बोलता येत नाही, आणि दुसऱ्याला बोलण्याची भीती वाटते. त्या भीतीविषयीच लिहायचं आहे.

कुठल्याही घरी गेले की मी आधी वही मागते. बहुतेक घरांत ती असते, कारण एजन्सीने 'रेकॉर्ड ठेवा' असं सांगितलेलं असतं. उघडली की रोज सकाळी बीपी १२०/८०. संध्याकाळी १२०/८०. ताप ९८.६. झोप 'चांगली'. शी 'झाली'. पानंच्या पानं, एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, आणि काही ठिकाणी उद्याच्या तारखेचा रकानाही भरून तयार. अर्धांगवायू झालेल्या, रक्तदाबाच्या दोन-दोन गोळ्या चालू असलेल्या माणसाचं बीपी महिनाभर एका आकड्यावर ठाण मांडून बसत नाही. अशी वही बघून घरचे चिडतात: "बघा, किती खोटारडी आहे!" मला मात्र त्या बाईपेक्षा त्या वहीचा इतिहास जास्त महत्त्वाचा वाटतो.

तो इतिहास विचारला, म्हणजे घरचे खोलीबाहेर असताना आणि आवाज न चढवता विचारला, की हमखास निघतो. सुरुवातीला तिने खरे आकडे लिहिले होते. एकदा १७०/१०० लिहिलं. मुलीने वही बघून विचारलं, "तुम्ही काय केलंत म्हणून वाढलं? मीठ जास्त पडलं का? चिडवलंत का त्यांना?" दुसऱ्यांदा पाठीवर लाल झालंय असं लिहिलं, तर एजन्सीत तक्रार गेली की बाई कूस बदलत नाही. तिसऱ्यांदा कोण लिहील? १२०/८० हे त्या घराने तिच्याकडून घोकून घेतलेलं उत्तर आहे. प्रमाणपत्र, गणवेश, पोलीस पडताळणी, सगळं असूनही त्या घरात सुरक्षितता नाही, कारण तिथे वाईट बातमीला जागाच नाही.

गुणवत्ता मोजायची कशी यावर विचार करणाऱ्यांत अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. १९६६ साली त्यांनी वैद्यकीय सेवेची गुणवत्ता तीन अंगांनी तपासायची मांडणी केली: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. रचना म्हणजे माणसं, त्यांचं शिक्षण, साधनं. प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्ष काय केलं जातं. परिणाम म्हणजे रुग्णाचं शेवटी काय झालं. घरच्या सेवेत लोक रचनेवरच थांबतात. कोर्स झालाय का, अनुभव किती, गणवेश आहे का. प्रक्रिया बघायला कुणी नसतं आणि परिणाम दिसतो तेव्हा जखम हाडापर्यंत गेलेली असते.

टाचेचंच घ्या. उताणं झोपलेल्या माणसाचं माकडहाड आणि टाचा या जागांवर फार भार येतो. मऊ गादी टाकली म्हणजे झालं असं घरच्यांना वाटतं. मी गेले की आधी मोजे काढायला लावते आणि लाल दिसलेल्या जागी बोट दाबून धरते. बोट काढल्यावर तिथे क्षणभर पांढरं होऊन पुन्हा लाली आली तर रक्त खेळतंय. दाबलं तरी लालच राहिलं तर तो बेडसोरचा, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा, कातडी अजून अखंड असली तरी. सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसतच नाही, जांभळट किंवा काळपट छटा दिसते, किंवा तीही नाही. तिथे हाताचा तळवा उपयोगी पडतो. दोन्ही टाचा एकदम धरायच्या. एक जास्त गरम, जास्त कडक किंवा उलट पिळपिळीत लागली, की समजायचं. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात आणि कुठलंही यंत्र लागत नाही.

मग घरचे दोन उपाय सुचवतात आणि दोन्ही चुकीचे असतात. एक, त्या लाल जागेवर तेल चोळणं. हाडाच्या वरची लाल झालेली जागा चोळली की आतल्या दुखावलेल्या पेशी आणखी फाटतात. दुसरा, मधे भोक असलेली रिंग. रिंगच्या कडांचा दाब भोवतालचं रक्त अडवतो आणि मधला भाग उपाशी राहतो. टाचेसाठी साधी उशी पोटरीखाली लांबवर ठेवायची, म्हणजे टाच अधांतरी राहते. कूस द्यायची ती ९० अंशांची नाही, पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांची. पूर्ण कुशीवर टाकलं की खुब्याचं हाड गादीत रुततं. आणि वर सरकवताना बगलेत हात घालून ओढायचं नाही. कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे जातं, आतल्या आत घसट होते. आडवी घातलेली चादर दोघांनी धरून उचलायची. दोघांनी, हे महत्त्वाचं. एकटी बाई ते करू शकत नाही, आणि घरातला दुसरा माणूस शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये असतो.

धोका आधीच ओळखायला ब्रेडन स्केल आहे. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ साली तो प्रसिद्ध केला. संवेदना, ओल, हालचाल, कूस बदलण्याची ताकद, पोषण आणि घर्षण अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. एकूण ६ ते २३. जितके कमी तितका धोका जास्त, १८ किंवा त्याखाली आले की सावध व्हायचं. मी तो प्रत्येक घरी काढते आणि आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिते. आकड्याचा एक फायदा असा की घरच्यांशी भांडावं लागत नाही. "बाई नीट करत नाही" आणि "यांचा स्कोअर ११ आहे, यांना इतर कुणाहीपेक्षा लवकर जखम होणार" ही दोन वेगळी संभाषणं आहेत.

पलंगावरून चाकांच्या खुर्चीत घेण्याची गोष्ट थोडक्यात. ब्रेक लावलेले, पायठेवण्या बाजूला केलेल्या, उठवताना धरायला कमरेला पट्टा लावलेला, पायांत न घसरणारी चप्पल, हे चार जमले की निम्मी पडझड टळते. एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक घरी चुकलेली दिसते. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी खुर्चीच्या पाठीमागच्या हँडलला अडकवलेली असते, कारण तिथे ती 'दिसत नाही'. ती मूत्राशयाच्या वर गेली की लघवी उलटी आत जाते आणि आठवड्याभरात तापाचा फोन येतो. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, आणि जमिनीलाही टेकायला नको. ग्लोव्हजचंही तसंच. डायपर बदलायला घातलेले ग्लोव्हज तसेच ठेवून त्याच हातांनी गोळी भरवणं मी पाहिलं आहे, आणि बाईला वाटत होतं की आपण स्वच्छता पाळतोय. ग्लोव्हज तिचे हात वाचवत होते, रुग्णाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हात धुण्याचे जे पाच प्रसंग सांगितले आहेत त्यांत रुग्णाला हात लावण्याआधी आणि लावून झाल्यावर, हे दोन्ही वेगवेगळे मोजलेले आहेत ते यासाठीच.

आता झोप. हा विषय काढला की घरच्यांचे चेहरे बदलतात. चोवीस तासांची बाई म्हणजे काय याचा हिशेब कुणीच करत नाही. रुग्ण रात्री चारदा उठवतो, सकाळी सहाला स्पंजिंग, दुपारी घरचे म्हणतात 'आता त्या झोपल्यात तर एवढे कपडे घड्या करून टाका'. अशा माणसाने तिसऱ्या दिवशी इन्सुलिनची दहा युनिट आणि वीस युनिट यांत गल्लत केली तर तो निष्काळजीपणा म्हणायचा की कामाची आखणी? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. त्यात आठवड्यातून सलग किमान २४ तास सुट्टी सांगितली आहे. हाकेला ओ द्यायला थांबून राहावं लागतं तो वेळही काम म्हणून धरायचा, त्याचं प्रमाण देशोदेशीच्या कायद्यांनी ठरवायचं, असंही आहे. लोकांना ही कामगारांच्या हक्कांची बाब वाटते. मला ती रुग्णाच्या सुरक्षिततेची वाटते, अगदी ब्रेडन स्केलइतकी. म्हणून मी पहिल्या भेटीत विचारते: या बाई रात्री कधी झोपतात, कुठे झोपतात आणि यांच्या सुट्टीच्या दिवशी कोण येणार? तिसऱ्या प्रश्नाला "बघू" असं उत्तर आलं की मी वहीत तेच लिहून ठेवते: बघू.

काही देशांनी हे सगळं नियमांत बांधायचा प्रयत्न केला आहे. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन २००९ पासून घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांचीही तपासणी करतं. पाच प्रश्न विचारतं: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, माणसाच्या गरजेनुसार वळते का आणि तिचं नेतृत्व नीट आहे का. तिथल्याच, आरोग्य आणि शुश्रूषेच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत एक वाक्य मला फार पटतं. अर्ध्या तासापेक्षा कमी वेळाची भेट अपवाद म्हणूनच असावी, म्हणजे येणारी व्यक्ती रुग्णाच्या ओळखीची असेल, ती भेट मोठ्या आराखड्याचा भाग असेल आणि काम ठरावीक, छोटं असेल तरच. कुणीतरी बसून हिशेब केला आहे की म्हाताऱ्या माणसाला उठवून, शौचाला नेऊन, धुऊन, कपडे घालून परत बसवायला किती वेळ लागतो. पंधरा मिनिटांत हे सगळं करायचं म्हटलं की सगळ्यात आधी बोलणं जातं, मग गिळायला लागणारा वेळ. घाईने भरवलेला घास श्वासनलिकेत जातो. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, गिळल्याची खात्री, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवणं. याला पर्याय नाही आणि शॉर्टकटही नाही.

आपुलकीचा प्रश्न कागदावर कसा तपासणार हे मात्र मला अजून कळलेलं नाही. मी माझ्यापुरती एक गोष्ट बघते. बाई रुग्णाला हात लावण्याआधी सांगते का? "आजी, आता कूस देते हं, उजवीकडे." ज्यांना ऐकू येतं की नाही हेही नक्की नाही, त्यांनाही सांगते का? जी सांगते, तिच्या बाकीच्या गोष्टीही साधारण ठीक असतात. याला शास्त्रीय आधार काही नाही, माझा अंदाज आहे.

बांधून ठेवण्याबद्दल मात्र मी अंदाजाने बोलत नाही. ओढणीने मनगट पलंगाला बांधलेलं, किंवा खुर्चीत कमरेभोवती चादर आवळलेली, हे चांगल्या सुशिक्षित घरांत दिसतं. कारण विचारलं तर "पडू नयेत म्हणून". बांधलेला माणूस जास्त बिथरतो, सुटायला धडपडतो, मनगटाची कातडी सोलते, आणि स्नायू झिजून पुढच्या वेळी उभं राहणं आणखी अवघड होतं. पलंगाचे कठडेही तसेच. गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून उतरायला बघतो आणि आधी जेवढ्या उंचीवरून पडला असता त्याहून जास्त उंचीवरून पडतो. पलंग खाली करणं, खाली जाड मॅट टाकणं, रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा ठेवणं, आणि मुख्य म्हणजे तो का उठतोय हे शोधणं, हे उपाय कमी नाट्यमय आहेत एवढंच. बहुतेक वेळा तो लघवीला उठत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या सहांपैकी एका माणसाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. हा आकडा संस्थांबाहेर, समाजात राहणाऱ्यांचा आहे. तो ऐकला की घरचे बाईकडे बघतात आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा लावतात. कॅमेऱ्याला माझा सरसकट विरोध नाही. पण तो काय दाखवतो? बाई दुपारी अर्धा तास मोबाईल बघत होती हे दाखवतो. टाच गरम झाली हे दाखवत नाही. आणि अंघोळीच्या वेळी, डायपर बदलताना, त्या अंथरुणातल्या माणसाचं उघडं अंग चार जणांच्या फोनवर जातं, याला त्यांची परवानगी कुणी घेतली? लावायचाच तर दोघांना सांगून, आणि स्वच्छतेच्या वेळी बंद. छळ ओळखायला त्याहून साधा मार्ग आहे. आठवड्यातून एकदा, वेळ न ठरवता, घरातल्या कुणीतरी रुग्णापाशी एकट्याने अर्धा तास बसायचं, आणि त्या वेळी बाईला बाहेर फिरून यायला सांगायचं. दोघांनाही मोकळा श्वास मिळतो.

वहीच्या शेवटच्या पानांवर मी आता सगळ्या घरांत एक वेगळा भाग करून देते. वर लिहिते, 'पडणं, विसरणं, चुकणं'. घरच्यांना अट घालते की या पानावर लिहिलेल्या गोष्टीवरून त्या दिवशी ओरडायचं नाही, माझ्याशी किंवा डॉक्टरांशी बोलायचं. पहिले काही आठवडे ते पान कोरंच असतं. मग कुणीतरी हळूच एखादी ओळ लिहून बघतं, 'आज बीपीची गोळी एक तास उशिरा', आणि वाट बघतं की काय होतंय.

मागे एका घरात त्या पानावर लिहिलेलं होतं: 'रक्त पातळ करायची गोळी संध्याकाळी दोनदा गेली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी काय बघायचं ते सांगितलं.' लिहिणारी रात्रीची बाई. मुलाचा मला फोन, अर्थातच तावातावाने. अशी बाई ठेवायची कशाला? मी त्याला म्हटलं, काढा हवं तर, पण पुढची आली तर तीही याच घरात, याच वेळी ड्यूटीवर येणार आहे. मग आम्ही तिघं बसलो. गोळीची वेळ आठची, ड्यूटीही आठलाच बदलत होती. दिवसाची बाई बससाठी घाईत, जाताजाता गोळी देऊन निघाली, ओव्हर दिला नाही, खूणही केली नाही. रात्रीचीने घड्याळ बघून दिली. दोघींनी गोळी आपापल्या परीने वेळेवरच दिली होती. डॉक्टरांना विचारून गोळी नऊवर नेली, रोजच्या गोळीचे कप्पे असलेला डबा आणला, आणि ड्यूटीच्या वेळांत पंधरा मिनिटं एकमेकींत मिसळली, म्हणजे दोघी घरात असताना ओव्हर होईल. त्या पंधरा मिनिटांचे पैसे कोण देणार यावर मुलगा आणि एजन्सी यांच्यात अजून घासाघीस चालू आहे. सध्या तो देतोय.